पाऊणपट तिथी, गुडघाभर चिखल

दिंद्रुडच्या माणसाला खारफुटी पाहायची झाली, तर दोन दिशा आहेत आणि दोन्हीकडचा समुद्र लांब. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या या गावाच्या आसपास पाणी म्हणजे धरणाचं, विहिरीचं, बोअरचं, नाहीतर कडक उन्हाळ्यात टँकरचं. तरी या भागातली हजारो माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास समुद्राच्या निम्म्याहून अधिक वाटेपर्यंत जाऊन पोचतात. धारूर, वडवणी, माजलगावच्या ऊसतोड टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर उतरतात, त्यातल्या काही थेट आजरा-चंदगडपर्यंत. तिथून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि सावंतवाडीहून तासाभराच्या आत वेंगुर्ला.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ मांडवीची खाडी आहे. लहानशीच. मुंबईच्या दारातली ठाण्याची खाडी हिच्या कितीतरी पट मोठी, रोहित पक्ष्यांमुळे गाजलेली. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली तिला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. पण ठाण्यात लोक पक्षी बघायला जातात, झाडं मागे पडद्यासारखी उभी असतात. कॅमेरा घेऊन झाडंच बघायची, मुळांपाशी जायचं, तर मांडवी बरी.

तिथे २०१७ साली ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. बचत गट ही काही बीडकरांना नवलाची गोष्ट नव्हे. लोणची, पापड, शेळीपालन, शिलाई हे सगळं माहीत असतं. इथे मात्र गटाचं भांडवल म्हणजे होडी, वल्ही आणि खाडीचं पाठांतर. मासळीच्या धंद्यातल्या घरांतल्या या बायका. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो जैवविविधता प्रकल्प चालू होता, त्यातून आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून त्यांना पाठबळ मिळालं. झाडांची ओळख, पक्ष्यांची नावं, पर्यटकांशी बोलणं हे शिकून घेतलं. वल्हवणं मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने या सफरीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, की होडी वल्ह्याची आहे. इंजिनाची धडधड नाही, त्यामुळे हातातला कॅमेरा थरथरत नाही आणि फांदीवरचा खंड्याही लगेच उडून जात नाही.

जायचं कधी, हा प्रश्न सोपा वाटतो. पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात, सुट्टी बघून. पण खाडीत सुट्टी चालत नाही, तिथी चालते.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. चंद्र रोज जवळपास पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पाऊणपटीचा हिशेब म्हणजे याच सरकण्याचं तोंडी गणित. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, जागेप्रमाणे फरक पडतो, पण घरातल्या भिंतीवर लटकलेलं कालनिर्णय बघून दिंद्रुडला बसल्याबसल्या वेंगुर्ल्याची भरती सांगता येते, हे काही थोडं नाही.

आता हा हिशेब फोटोवर कसा बसतो ते बघण्यासारखं आहे. चांगला उजेड सकाळी आणि संध्याकाळी. अष्टमीच्या दिवशी भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. म्हणजे तिरप्या सोनेरी उजेडात खाडी भरलेली, झाडं पाण्यात आणि त्यांचं प्रतिबिंब खाली. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीतला फरकही कमी असतो; कोकणात त्याला भांग म्हणतात. पाणी संथ, प्रतिबिंब स्वच्छ. पौर्णिमा-अमावास्येला बरोबर उलटं. भरती ऐन दुपारी, उजेड पांढराफटक. पण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आणि तीही उधाणाची, खोलवर ओसरणारी. मुळं, चिखल, खेकड्यांची बिळं, सगळं उघडं पडतं आणि त्यावर मावळतीचा उजेड. ज्याला प्रतिबिंब हवं त्याने अष्टमी धरावी, ज्याला मुळं हवीत त्याने पौर्णिमा.

आणि एकाच दिवसात दोन्ही हवं असेल तर एकादशी-द्वादशी. भरती सव्वाआठ-नऊला, तेव्हा होडी अरुंद फाट्यांतही आत जाते. ओहोटी अडीच-तीनला, तेव्हा काठावर उभं राहून चिखलातली दुनिया बघता येते. उपास करणाऱ्यांनी डबा सोबत घ्यावा. खाडीकाठच्या जेवणात मासळीच जास्त.

होडीतून पहिल्यांदा दिसतं ते हिरवं, एकसारखं रान. नवख्याला सगळी झाडं सारखीच वाटतात, आणि पहिल्या दहा मिनिटांतले फोटो नंतर बहुधा खोडलेच जातात. फरक कळायचा तर मुळांकडे बघावं लागतं.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर जाडीची, वीतभर उंचीची मुळं सरळ वर आलेली असतात, शेकड्यांनी, कधी एका झाडाभोवती हजारांनी. ही श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळपास नसतो. चिखल जरा उकरला की काळा निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूविना जगणारे जिवाणू तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार करत असतात. मुळांना हवा लागते, म्हणून तिवर आपली मुळं वर काढतो. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यांतून हवा आत जाते, भरतीला ती पाण्याखाली जातात. म्हणूनच ओहोटीला खाली उतरायची हौस आलीच तर या मुळांवर पाय देऊ नये. एक मूळ मोडणं म्हणजे त्या झाडाची एक नाकपुडी बंद करणं.

कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याची मुळं खोडावरून कमानीसारखी बाहेर फुटून चिखलात उतरतात आणि झाड जणू काठ्यांवर उभं राहतं. फोटोसाठी हेच सगळ्यांचं आवडतं झाड, कारण कमानींच्या खाली गेलेला उजेड आणि सावली यांची जाळी आयती मिळते. त्याच्या फांद्यांकडे नीट पाहिलं तर हिरव्या लांबट शेंगांसारखं काहीतरी लोंबताना दिसतं. त्या शेंगा नव्हेत. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि फूटभर, कधी त्याहून लांब रोप होऊनच खाली पडतं. ओहोटी असेल तर ते चिखलात उभं रुततं; भरती असेल तर तरंगत जातं आणि दुसरीकडे कुठेतरी मूळ धरतं. कोरड्या रानात बी मातीत पडून पावसाची वाट बघतं. इथे पाणी दिवसातून दोनदा येऊन सगळं धुऊन नेणार हे ठरलेलं, म्हणून पोर वाढवूनच बाहेर सोडायचं.

तिसरी चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली. असा वृक्ष जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं आणि पतंग त्यांच्यावर येतात, आणि सकाळ झाली की पांढरे केसर गळून पाण्यावर पडतात. आठ वाजता आरामात पोचणाऱ्याला फक्त उरलेला देठ आणि चांदणीसारखा हिरवा कोष मिळतो.

या झाडांची खरी गोष्ट तहानेची आहे, आणि ती मराठवाड्यातल्या माणसाला कोकणातल्या माणसापेक्षा लवकर कळावी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. एवढ्या खारट पाण्यातून मुळांना पाणी ओढून घेणं अवघड. उलट झाडातलंच पाणी बाहेर ओढलं जायची भीती. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं बेहिशेबी देऊन जमीन खारपड झाली की उभं पीक ओल्या वावरात कोमेजतं, ते याच कारणाने. खारफुटी जन्मभर त्या अवस्थेत असते. म्हणून तिची पानं जाड, चामड्यासारखी, मेणचट, पाणी जपून वापरणारी. वाळवंटी झाडांच्या पानांशी त्यांचं नातं जास्त. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो. तिवर तेवढं अडवत नाही, आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. दुपारच्या उन्हात तिवराचं पान उजेडाकडे तिरपं धरलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जिभेला लावलं की खात्री पटते. मॅक्रो लेन्स असेल तर दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो कदाचित याच पानाचा निघेल, आणि तो काढायला होडीही लागत नाही.

ओहोटीच्या चिखलात निवटी असते. बोटाएवढा मासा, डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकणारा. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत तो पाण्याबाहेर हिंडतो. माणसाची सावली पडली की बिळात. त्याचा फोटो काढायचा तर काठावर एके जागी बसून राहायचं, हालचाल करायची नाही. थोड्या वेळाने आधी डोळे वर येतात, मग अंग. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभारतात आणि क्षणभर उडी मारतात. त्या क्षणासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. शेजारीच फिडलर खेकडे असतात. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती तो सारखी हलवत असतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला बजावायला. या खेकड्यांच्या बिळांतून चिखलात हवा खेळते, म्हणजे झाडांचीही सोय होते.

सामानाचं थोडक्यात. मेणचट पानं आणि पाणी दोन्ही लखलखतात, म्हणून पोलरायझर फिल्टर हवाच. तो फिरवला की पानांचा खरा हिरवा रंग दिसतो. पण प्रतिबिंब हवं असेल तेव्हा तो काढून ठेवावा, कारण तो प्रतिबिंबच खाऊन टाकतो. झाडीच्या आत काळोख आणि बाहेर लख्ख आभाळ, त्यामुळे आभाळ चौकटीत शक्यतो घेऊ नये. लेन्स होडीत बदलू नये. तिपाई चिखलात रुतते, पायांखाली फळीचे तुकडे ठेवले तर टिकते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतली नाही तर सांधे गंजतात. चपला चिखल ठेवून घेतो, बांधायचे बूट बरे. आणि नुसता मोबाइल असेल तरी काही बिघडत नाही. मुळांच्या कमानी रुंद भिंगातूनच चांगल्या येतात आणि मोबाइलचं भिंग रुंदच असतं.

हे सगळं टिकून आहे ते काही आपोआप नाही. खारफुटी म्हणजे सरपण, नाहीतर भराव टाकायची रिकामी जागा, असाच हिशेब बराच काळ होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडायला आणि तिच्यापासून पन्नास मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली, २०१८ च्या निकालात ती आणखी पक्की केली. २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला; असा कक्ष तोवर देशात कुठेच नव्हता. खारफुटी किनारा वाचवते हे केवळ भाषणातलं वाक्य नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले, हे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलेलं आहे.

एवढा लांब किनारा असून महाराष्ट्राची खारफुटी मात्र बेताची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राची ३२४ चौरस किलोमीटर, आंध्र प्रदेशाची ४०५. कारण नद्यांत आहे. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड. त्या खाड्या करतात, पण मोठे त्रिभुज प्रदेश करण्याइतका गाळ आणत नाहीत. राज्याची माती वाहून नेणाऱ्या बहुतेक मोठ्या नद्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो. ती जाते १४६५ किलोमीटर लांबच्या बंगालच्या उपसागराला.

आणि इथे दिंद्रुडची दुसरी दिशा सुरू होते. आष्टीकडचा सीना नदीचा भाग सोडला तर बीड जिल्ह्याचं बहुतेक पाणी गोदावरीचंच. बालाघाटाच्या दक्षिणेचं मांजरेतून, उत्तरेचं सिंदफणेतून किंवा थेट. सिंदफणा माजलगाव तालुक्यातच मंजरथला गोदावरीला मिळते. दिंद्रुडच्या शिवारात कोसळलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून शेवटी तिथेच लागतो आणि नांदेड, बासर, राजमहेंद्री करत आंध्रात समुद्राला भेटतो. जाताना तो काळी माती नेतो. गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यावर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मान्सून क्षीण झाल्यावर मध्य भारतातली धूप वाढली आणि पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरत गेली तशी ती आणखी वाढली, हे त्या गाळाच्या थरांत दिसतं. म्हणजे इनामगाव, दायमाबादच्या ताम्रपाषाण वस्त्यांच्या काळापासून इथल्या नांगराखालची माती तिकडे साठते आहे.

त्या मातीवर कोरिंगाचं रान उभं आहे. काकीनाड्याजवळचं हे अभयारण्य १९७८ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर. कोरिंगा पूर्वी जहाजबांधणीचं भरभराटीचं बंदर होतं. १८३९ च्या चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केलं. आज तिथे खारफुटीच्या मधून लाकडी पायवाट केलेली आहे, चिखलात पाय न घालता मुळांच्या उंचीवर उभं राहता येतं, आणि बोटीने समुद्राच्या तोंडापर्यंत जाता येतं. समोर होप आयलंड नावाचा वाळूचा लांब दांडा आहे. गोदावरीच्या गाळानेच गेल्या दोनेक शतकांत तो घातला आणि आता काकीनाड्याचं बंदर त्याच्या आडोशाला आहे. दिंद्रुडकराला तिथे जाणं वेंगुर्ल्यापेक्षा सोपं पडेल: शिर्डीहून सुटणारी काकीनाडा एक्स्प्रेस परळीवरूनच जाते. मात्र पाऊणपटीचा हिशेब परळीलाच सोडून द्यावा. तो पश्चिम किनाऱ्याचा. पूर्वेला भरतीच्या वेळा वेगळ्या आणि पाण्याचा चढउतारही मुंबईच्या मानाने बराच कमी.

आता तो गाळ तेवढा पोचत नाही. १९७६ साली जायकवाडी झालं, त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगाव धरण आलं, खाली आणखी कितीतरी. धरण पाण्याबरोबर माती अडवतं. आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००४ साली दाखवलं, की १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात नदीतून येणारा गाळ एक तृतीयांशाच्या आसपास उरला होता, आणि १९७६ ते २००१ या काळात मुखाकडची १८०० हेक्टरांहून अधिक जमीन समुद्राने घेतली. त्यात खारफुटीही गेली. माजलगावच्या उसाला मिळालेलं पाणी आणि कोरिंगाला न मिळालेला गाळ हा एकाच व्यवहाराचा जमा-खर्च आहे, आणि त्यात दोष कुणाचा हे ठरवणं तेवढं सोपं नाही. टँकर बघितलेल्या माणसाला धरण नको म्हणायला सांगता येत नाही.

जिथे खारफुटी तुटून जमीन मिठाने भाजली, तिथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने स्थानिक गावांबरोबर वेगळा उपाय केला: एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे छोटे चर, वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखे. त्यातून भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला मीठ घेऊन बाहेर जातं, आणि लावलेली रोपं तग धरतात. उंचावरून फोटो काढला तर हे चर फार देखणे येतात, पण अभयारण्यात ड्रोन उडवायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मासेमारी मांजर हे कोरिंगाचं नावाजलेलं जनावर, पण ते निशाचर. दिवसाच्या पाहुण्याला चिखलातल्या पंजाच्या ठशांवर भागवावं लागतं. पाणमांजरं मात्र सकाळच्या पहिल्या बोटीला फाट्यांच्या कडेने टोळीने पोहताना दिसू शकतात, आणि त्यासाठी निदान तीनशे मिलिमीटरची लेन्स बरोबर असावी.